चतुर्थीच्या ऑर्डरी आणि परदेशी कार्डे : म्हापशातील एका काजू दुकानाचे प्रकरण

म्हापशाच्या बाजारात काजूगराचे एक जुने दुकान आहे. गल्ल्यावर सासरे बसतात आणि ऑनलाइन विक्री सून सांभाळते. वेबसाइट सुरू झाली ती मुख्यतः बाहेरगावी गेलेल्या गोंयकारांसाठी. आखातात नोकरी करणारे, लिस्बनला स्थायिक झालेले, इंग्लंडमध्ये स्विंडनला राहणारे. त्यांना चतुर्थीला घरच्यांकडे काजू, कोकम, खोल्याची मिरची पाठवायची असते. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर गोव्याबाहेरूनही विचारणा वाढली. दुकानाचे नाव इथे देत नाही, रकमा गोळाबेरीज करून दिल्या आहेत आणि दिवस मोघम ठेवले आहेत. चार्जबॅकच्या, म्हणजे कार्डधारकाच्या तक्रारीवरून दुकानाकडून पैसे परत घेण्याच्या, नोटिसा आल्यावर कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले, म्हणून हा सगळा व्यवहार मला आतून बघायला मिळाला. परदेशी कार्ड घेणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक छोट्या दुकानांची मांडणी अशीच आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो.

सुरुवात एका रात्री झाली. वेबसाइटवर सर्वांत स्वस्त वस्तू होती कोकमाचे पाकीट, नव्वद रुपयांचे. मध्यरात्रीनंतर दोन-अडीच तासांत त्या एकाच पाकिटासाठी शेकड्याने पेमेंटचे प्रयत्न झाले. बहुतेक फसले, थोडे यशस्वी झाले. कार्ड दर वेळी वेगळे, ईमेल वेगळा, पण उपकरण एकच आणि आयपी पत्तेही (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) फिरून फिरून तेच. सकाळी सूनबाईंना पाच-सहा कोकमाच्या ऑर्डरी दिसल्या. पत्ते अर्धवट होते, म्हणून त्यांनी त्या बाजूला ठेवल्या. फसलेले प्रयत्न डॅशबोर्डच्या वेगळ्या पानावर असतात. ते पान कोणी उघडले नाही, कारण फसलेल्या पेमेंटमध्ये दुकानाचे काही जात नाही, असा सगळ्यांचाच समज असतो.

खरे तर पूर्वसूचना तिथेच होती. चोरीच्या कार्डांचे आकडे गठ्ठ्याने विकले जातात. त्यातली कोणती कार्डे अजून चालू आहेत आणि कोणती बँकेने बंद केली, हे विकत घेणाऱ्याला माहीत नसते. म्हणून तो एखादे छोटे, फारसा पहारा नसलेले दुकान गाठतो आणि किरकोळ रकमेवर एकेक कार्ड तपासून पाहतो. चालणारी कार्डे वेगळी काढतो आणि मग मोठी खरेदी करतो. ती खरेदी बहुधा दुसऱ्याच दुकानात होते. इथे ती याच दुकानात झाली, कारण इथल्या मालाला कुठेही गिऱ्हाईक मिळते. डब्ल्यू-१८० प्रतीचा काजूगर म्हणजे एका पौंड वजनात सुमारे १८० गर बसतील एवढा मोठा दाणा. सीलबंद डब्यातला असला तर कोणताही मिठाईवाला किंवा सुक्या मेव्याचा व्यापारी तो रोखीने घेतो आणि कुठून आणला हे विचारत नाही.

पुढच्या आठवड्यात नऊ ऑर्डरी आल्या, प्रत्येकी सुमारे बारा हजारांच्या. सगळ्या परदेशी कार्डांवरच्या आणि सगळ्यांत फक्त डब्ल्यू-१८०चे डबे. कुरियरचा सर्वांत महाग आणि जलद पर्याय निवडलेला. पत्ते मात्र भारतातले होते, दोन महानगरांच्या आसपासचे. नावे नऊ होती, पण फोन क्रमांक तीनच. चतुर्थीची धामधूम होती, घरात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या, सामानाची जमवाजमव चालली होती आणि दुकानात पॅकिंगला माणसे कमी पडत होती. पैसे यशस्वी दिसत होते, दोन-तीन दिवसांत बँकेत जमाही झाले. माल गेला.

सात पार्सले पोचली. उरलेली दोन वाटेत असताना कुरियरवाल्याचा फोन आला की घेणारा पत्ता बदलून दुसऱ्या शहरात माल मागतोय. सूनबाईंना तेव्हा पहिल्यांदा खटकले. दोन्ही पार्सले त्यांनी परत बोलावली आणि त्या दोन ऑर्डरींचे पैसेही लगेच कार्डावर परत केले. हा निर्णय अगदी बरोबर होता. उरलेल्या सातांचे काय करायचे यावर घरात बोलणे झाले. कोणाची तक्रार नाही, माल पोचलेला आहे, मग आपण होऊन चौऱ्याऐंशी हजार परत का द्यायचे? चूक त्यांची होती असे मी म्हणणार नाही. न मागता एवढी रक्कम परत करायला कोणाही व्यापाऱ्याचा हात धजावणार नाही. त्या क्षणी आपण होऊन रिफंड दिला असता तर काय वाचले असते, ते पुढे येईल.

चार्जबॅक

दिवाळीच्या तोंडावर पेमेंट कंपनीची, म्हणजे वेबसाइटवर कार्डे स्वीकारून पैसे दुकानाकडे पोचवणाऱ्या कंपनीची, पहिली नोटीस आली आणि मग एकामागून एक अशा एकूण सात झाल्या. कारणाच्या रकान्यात व्हिसाचा संकेत १०.४ होता, म्हणजे कार्ड समोर नसताना झालेली फसवणूक. दोन मास्टरकार्डच्या होत्या, त्यांच्यावर ४८३७, कार्डधारकाने संमती दिलेली नाही. उत्तर द्यायला आठवड्याभराची मुदत होती. रक्कम मात्र पुढच्या सेटलमेंटमधून, म्हणजे कंपनी दुकानाच्या खात्यात जमा करते त्या पैशांतून, आधीच कापलेली.

सासऱ्यांचा पहिला प्रश्न होता, "दोन महिन्यांनी कसे काय? पैसे तर जमा झाले होते ना?"

कार्डाचा पैसा दुकानाच्या खात्यात जमा झाला तरी व्यवहार तिथे संपत नाही. या प्रकारच्या तक्रारीसाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते. कार्डधारक महिन्याचे विवरण बघतो, ओळखीचा नसलेला खर्च दिसला की बँकेला कळवतो, बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत दुकानाच्या बँकेकडे रक्कम मागते, ती पेमेंट कंपनीकडून कापली जाते आणि कंपनी दुकानाकडून वळती करते. कार्डधारकाला तक्रार करताना फारसा धोका नसतो. अमेरिकेत कायद्याने क्रेडिट कार्डाच्या अनधिकृत वापराची त्याची जबाबदारी ५० डॉलरवर थांबते, आणि बऱ्याच बँका तेवढेही घेत नाहीत. ते योग्यच आहे, त्या माणसाचे कार्ड चोरीला गेले आहे. पण मग नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर पेमेंटच्या वेळी ओळखपडताळणी झाली होती की नाही यावर ठरते.

आपल्या मनात कार्ड म्हणजे ओटीपी असे पक्के बसले आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसऱ्या घटकाची पडताळणी सक्तीची केली, म्हणून देशातल्या दुकानांत भारतीय कार्डावर सहसा ओटीपीशिवाय पैसे जात नाहीत. पण ही सक्ती भारतात दिलेल्या कार्डांना आहे. परदेशी बँकेचे कार्ड भारतीय दुकानात वापरले तर ती लागू नाही. युरोपात आणि ब्रिटनमध्येही कडक पडताळणीचा कायदा आहे, पण कार्ड देणारी बँक आणि दुकानाची बँक दोन्ही त्याच क्षेत्रात असतील तेव्हा तो बांधतो. म्हापशाचे दुकान त्याच्या बाहेर पडते. अमेरिकेत तर अशी सक्ती नाहीच. रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या निर्देशांत १ ऑक्टोबर २०२६ची जी मुदत आहे, ती भारतीय कार्डाने परदेशी दुकानात होणाऱ्या खरेदीसाठी आहे. तिने आपल्या दुकानदाराला संरक्षण मिळेल असे समजून कोणी बसू नये.

म्हणजे स्विंडनच्या माणसाचे कार्ड इथे नुसत्या आकड्यांवर, मुदतीवर आणि मागच्या तीन अंकांवर चालू शकते. बँक मंजुरी देते तेव्हा ती एवढेच पाहते की कार्ड चालू आहे, मर्यादा शिल्लक आहे आणि तिच्या यंत्रणेला काही फार वावगे दिसत नाही. खरेदी करणारा माणूस कोण, याची खातरी त्यात नसते. ती खातरी थ्री-डी सिक्युअर नावाच्या पडताळणीत होते, ज्यात ग्राहकाला त्याच्या बँकेच्या पानावर किंवा अ‍ॅपवर नेले जाते. ती पूर्ण झाली की फसवणुकीच्या तक्रारीची जबाबदारी दुकानावरून कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते.

पडताळणी झाली का, हे प्रत्येक पेमेंटच्या तपशिलात नोंदलेले असते. ईसीआय नावाचा दोन अंकी संकेत असतो. व्हिसासाठी ०५ म्हणजे पडताळणी पूर्ण, ०६ म्हणजे दुकानाने प्रयत्न केला पण बँकेकडून ती पूर्ण झाली नाही, ०७ म्हणजे झालीच नाही. मास्टरकार्डचे त्याच क्रमाने ०२, ०१, ००. आम्ही सातही पेमेंट उघडून पाहिली. व्हिसाच्या पाचांवर ०७, मास्टरकार्डच्या दोनांवर ००. खाते उघडताना परदेशी कार्डे सुरू करण्याच्या अर्जात पडताळणी ‘शक्य तिथे’ ठेवलेली होती. पेमेंट कंपनीच्या माणसाने तीच पद्धत सुचवली होती, कारण सक्ती केली तर बरीच खरी पेमेंटही फसतात. हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण ‘शक्य तिथे’ याचा अर्थ उरलेल्या ठिकाणचा सगळा धोका दुकानाचा, हे वाक्य कोणी उच्चारले नाही. माझा राग आहे तो यावर. अर्जात त्या खुणेशेजारी एका ओळीत हे लिहिणे अवघड नाही.

आम्ही उत्तरे पाठवली. बिले, कुरियरच्या सहीच्या पावत्या, पोच झाल्याची वेळ, सगळे जोडले. सातही फेटाळली गेली. कारण सरळ आहे. माल पोचलाच नाही अशी तक्रार असती, म्हणजे व्हिसाचा १३.१, तर पोचपावती हाच मुख्य पुरावा ठरला असता. इथे तक्रार वेगळी होती, ‘ही खरेदी मी केलीच नाही’. माल कोणाला तरी पोचला हे दाखवून ती खोडता येत नाही, उलट भलत्याच माणसाला पोचला हे स्पष्ट होते. तेच ग्राहक पूर्वी येऊन गेलेले असते, तर व्हिसाच्या २०२३ पासूनच्या नियमाने त्याच कार्डावरच्या दोन जुन्या, वाद न झालेल्या खरेदींचा आयपी किंवा उपकरण जुळवून दाखवता आले असते. ही सगळी गिऱ्हाइके नवी होती.

हिशेब

सासऱ्यांना वाटत होते चौऱ्याऐंशी हजार गेले. मी वेगळ्या पद्धतीने मांडले. विक्रीची रक्कम आली आणि गेली, ती शून्य. खरोखर गेला तो माल. पंधरा टक्के नफा धरला तर खरेदीच्या भावाने ७१,४०० रुपयांचा. परदेशी कार्डावरचे तीन टक्के शुल्क आणि त्यावरचा अठरा टक्के जीएसटी कंपनी परत करत नाही, ते २,९७४. त्यांच्या करारात दर चार्जबॅकला ५०० रुपये अधिक जीएसटी, सातांचे ४,१३०. जलद कुरियर दुकान आपल्या खर्चाने करत होते, पार्सलमागे सुमारे सहाशे, म्हणजे ४,२००. एकूण ८२,७०४. पंधरा टक्क्यांच्या नफ्यातून एवढे भरून काढायला साडेपाच लाखांची विक्री लागते, आणि तीही त्यावरचे शुल्क नि कुरियर धरलेच नाही तर. हा आकडा ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्याहून जास्त झोंबले ते पुढे. त्या महिन्यात ऑनलाइन ऑर्डरी दीडशेच्या आसपास होत्या, म्हणजे तक्रारींचे प्रमाण पाच टक्क्यांच्या घरात. मास्टरकार्डच्या देखरेख योजनेत महिन्याला किमान १०० चार्जबॅक आणि दीड टक्का अशी दुहेरी अट आहे, त्यामुळे एवढे छोटे दुकान तिथे सापडत नाही. पण पेमेंट कंपनीचा जोखीम विभाग स्वतःच्या निकषांनी चालतो. त्यांनी प्रत्येक सेटलमेंटमधली दहा टक्के रक्कम राखून ठेवायला सुरुवात केली आणि परदेशी कार्डे तात्पुरती बंद केली. दिवाळीच्या भेटपेट्यांसाठी माल उचलायचा तोच वेळ. ऑगस्टमध्ये त्या सात ऑर्डरींचे पैसे आपण होऊन परत दिले असते, तर माल गेलाच असता, पण त्यांच्यावर चार्जबॅक एकही झाला नसता. चार्जबॅकचे शुल्क वाचले असते, राखीव रक्कम कापली गेली नसती आणि आखातातल्या गिऱ्हाइकांची दिवाळी इथूनच झाली असती. चोरीचे कार्ड आहे असा पक्का संशय आल्यावर तक्रारीची वाट बघण्यात दुकानाचा काहीच फायदा नसतो.

‘आमच्या वेबसाइटवरून कार्डे चोरली गेली का?’ हाही प्रश्न त्यांना छळत होता. तसे झाले नव्हते. कार्डाचे आकडे पेमेंट कंपनीच्या पानावर भरले जातात, दुकानाकडे ते येत नाहीत, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून तर टोकनच्या (कार्डाच्या आकड्यांऐवजी वापरायच्या पर्यायी संकेताच्या) नियमामुळे दुकानांना भारतीय कार्डांचे आकडे साठवताही येत नाहीत. ती कार्डे कुठून तरी दुसरीकडून फुटली होती. हे कळल्यावर घरातले थोडे सावरले.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार केली. तीन फोन क्रमांक, सात पत्ते, आयपीच्या नोंदी, कुरियरच्या पत्ता बदलण्याच्या विनंत्या, हे सगळे दिले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी आणि ६६डी कलमांत हे बसते. पत्ते भाड्याच्या खोल्यांचे निघाले. तपास चालू आहे.

चोर आणि लेक एकसारखे दिसतात

उपाय सुचवायला बसलो तेव्हा खरी अडचण समोर आली. परदेशी कार्ड, भारतातला पत्ता, कार्डावर एक नाव आणि घेणाऱ्याचे दुसरे, मोठी रक्कम, घाई. जोखीम ओळखणाऱ्या कोणत्याही तयार यंत्रणेत ही फसवणुकीची खूण मानली जाते. आणि चतुर्थीला आईकडे काजू धाडणाऱ्या स्विंडनच्या लेकीची ऑर्डर अगदी अशीच असते. यंत्रणा कडक केली तर हीच गिऱ्हाइके पहिल्यांदा बाहेर पडतात. ज्यांच्यासाठी दुकान उघडले, त्यांनाच दार बंद.

मग आम्ही दोन वर्षांच्या खऱ्या परदेशी ऑर्डरी काढून त्या नऊंच्या शेजारी ठेवल्या. फरक सूनबाईंनी लगेच सांगितला, मला तो आकड्यांत दिसला नसता. आपला माणूस कधी एकच वस्तू घेत नाही. थोडे सालीसकट भाजलेले काजू, थोडी पाकळी, कोकम, मिरची, असे मिसळून घेतो. तो डब्ल्यू-१८० क्वचितच घेतो, कारण घरी खायला डब्ल्यू-२४० चालतो आणि स्वस्त पडतो. कुरियर तो स्वस्तातले निवडतो. पत्ता बहुधा ४०३ने सुरू होणाऱ्या पिनकोडचा असतो आणि त्यात ‘देवळामागे’ किंवा वाड्याचे नाव असते. सोबत निरोप असतो. शिवाय घेणाऱ्या घरी फोन केला तर कोणीतरी उचलून ‘होय, आमच्या पोरान धाडलां’ असे सांगते. चोराच्या ऑर्डरीत यातले काहीच नव्हते. ही सगळी माहिती दुकानात पहिल्या दिवसापासून होती. पैसे जमा होणे आणि पार्सल निघणे यांच्यामध्ये ती कामी येईल अशी जागा मात्र कोणी ठेवली नव्हती.

ती जागा आता केली आहे. परदेशी कार्डाची रक्कम लगेच उचलली जात नाही, आधी फक्त अडवून ठेवली जाते. पेमेंट कंपन्यांत ही सोय असते, खात्याच्या मांडणीत ती निवडावी लागते. पडताळणीचा संकेत ०५ किंवा ०२ असेल तर ऑर्डर सरळ पुढे जाते. नसेल, गिऱ्हाईक नवे असेल आणि रक्कम पाच हजारांच्या वर असेल, तर सूनबाई घेणाऱ्याला फोन करतात. उत्तर पटले तर रक्कम उचलतात, नाहीतर सोडून देतात. न उचललेल्या रकमेवर चार्जबॅक येत नाही, शुल्कही नाही. फोनसाठी एक दिवस मोडतो, तसे वेबसाइटवर स्पष्ट लिहिले आहे. पत्ता बदलायचा तर दुकानाला विचारूनच, अशी सूचना कुरियरला दिली. चेकआउटवर कॅप्चा बसवला, एका उपकरणावरून तासाला पाचापेक्षा जास्त प्रयत्न बंद केले, किमान ऑर्डर चारशे रुपयांची केली. आणि फसलेल्या पेमेंटचे ते पान आता रोज सकाळी दुकान उघडताना पाहिले जाते.

भारतीय पेमेंटवर मी त्यांना वेगळे सांगितले. तिथे ओटीपीमुळे चार्जबॅकची भीती कमी, पण कोणाला फसवून मिळवलेला पैसा यूपीआयने तुमच्या खात्यात आला आणि त्याने माल नेला, तर १९३०च्या तक्रारीवरून तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम गोठू शकते. अशा वेळी ऑर्डरीचे बिल, पोचपावती आणि फोनची नोंद हाच आधार. म्हणून नोंदी दोन्हीकडच्या ठेवायच्या.

या सातांशिवाय आणखी एक, आठवी तक्रारही आली होती, ती आता सांगतो. तीही १०.४ संकेताचीच, पण तिच्यामागे चोर नव्हता. ऑर्डर स्विंडनच्या जुन्या गिऱ्हाइकाची होती. कार्डाच्या विवरणात दुकानाचे नाव न येता सासऱ्यांच्या वडिलांच्या काळातल्या मूळ फर्मचे नाव येत होते. त्या नावाची वस्तू घेतल्याचे त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी बँकेला कळवले. सूनबाईंनी फोन करताच त्यांना फार वाईट वाटले, आणि त्यांनी स्वतःहून बँकेकडे तक्रार मागे घेतली. विवरणात दिसणारे नाव बदलायला पेमेंट कंपनीला एक ईमेल पुरला. आता तिथे दुकानाचेच नाव येते, आणि ऑर्डरीच्या ईमेलमध्येही पहिल्या ओळीत लिहिलेले असते की विवरणात हे नाव दिसेल.

परदेशी कार्डे पुन्हा सुरू झाली आहेत. राखून ठेवलेली रक्कमही टप्प्याटप्प्याने सुटली. अमेरिकेतल्या काही गिऱ्हाइकांच्या बँका पडताळणी करतच नाहीत, त्यांची प्रत्येक नवी मोठी ऑर्डर अजून फोनवरच अडकते, आणि फोन लागेपर्यंत कधी कधी दोन दिवस जातात. त्यांच्यासाठी एकदा ओळख पटली की वर्षभर फोन नको, अशी यादी करायचे चालले आहे. त्या यादीत कोणाला घ्यायचे हे सासरे आणि सून मिळून ठरवतात.